एक इंजेक्शन झालंय, मग पिल्लाला गडावर न्यायचं का?

पावसाळा ओसरला की बेळगाव परिसरात रविवारची गर्दी ठरलेली. येळ्ळूरचा राजहंसगड, देवरवाडीचा वैजनाथ, चोर्ला घाट, थोडी लांबची मजल मारायची तर आंबोली. या गर्दीत हल्ली कुत्र्यांची पिल्लंही दिसतात. कुणाच्या काखेत दोन महिन्यांचं लॅब्राडोर, कुणाच्या दोरीला गल्लीतच सापडलेलं गावठी. एवढ्या लहान पिल्लाला कशाला आणलं, असं विचारलं तर उत्तरही ठरलेलं: “एक इंजेक्शन झालंय की, आता काय होतंय?”

होतं ते असं. चार-पाच दिवसांनी पिल्लू खायचं सोडतं, कोपऱ्यात पडून राहतं. उलट्या सुरू होतात, मग उग्र वासाचे, रक्ताचे जुलाब. हा पार्व्हो. दहीभात नाहीतर मीठ-साखरेचं पाणी पाजून बघू म्हणत घरचे एक दिवस घालवतात आणि तोच दिवस महागात पडतो. उलट्या होणाऱ्या पिल्लाच्या पोटात पाणी टिकतच नाही, त्याला सलाईन लागतं. वेळेत दवाखाना गाठला तर बरीच पिल्लं वाचतात, उपचाराविना बहुतेक दगावतात.

एक लस पुरत का नाही, याचं कारण आईच्या चिकात आहे. जन्मल्यावर पहिल्या दिवशी पिल्लू जो चीक पितं, त्यातून आईची प्रतिकारशक्ती त्याला मिळते. पुढचे काही आठवडे तीच त्याला राखते, पण तीच लशीलाही निष्प्रभ करते. ही उसनी शक्ती कुणाची आठव्या आठवड्यात संपते, कुणाची चौदाव्या. बाहेरून बघून ते कळत नाही. म्हणून सहा ते आठ आठवड्यांपासून दर दोन-चार आठवड्यांनी लस पुन्हा द्यायची आणि शेवटचा डोस १६ आठवडे पूर्ण झाल्यावर किंवा त्यानंतर पडेल असं बघायचं, असा जगभरातल्या पशुवैद्यांचा शिरस्ता आहे. रेबीजची लस साधारण तीन महिन्यांनी. बेळगाव, गोवा आणि सिंधुदुर्गाच्या पावसात उंदरांच्या मुतातून पसरणारा लेप्टोही असतो, तेव्हा त्या लशीचं डॉक्टरांना मुद्दाम विचारून घ्यावं.

पार्व्होचा विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो. त्यामुळे “तिथं दुसरं कुत्रं नव्हतंच” या म्हणण्याला अर्थ नाही. मागच्या महिन्यात तिथून गेलेलं आजारी कुत्रं पुरेसं असतं. सहलीच्या जागा, ढाब्याची अंगणं, देवळापुढची पटांगणं ही पिल्लासाठी सगळ्यात धोक्याची, कारण तिथं सगळ्यांचीच कुत्री येऊन जातात.

मग चार महिने पिल्लू घरात कोंडून ठेवायचं काय? इथंच खरी अडचण आहे. साधारण तीन ते चौदा आठवडे हा काळ कुत्र्याच्या मनाच्या घडणीचा असतो. या दिवसांत जे आवाज, वास आणि माणसं त्याच्या ओळखीची होतात, त्यांची भीती पुढं वाटत नाही. जे या दिवसांत दिसलंच नाही, त्याला ते आयुष्यभर बिचकू शकतं. म्हणजे लशीचं संरक्षण पुरतं यायच्या आधीच शिकायची खिडकी मिटत आलेली असते. चार महिने घरातच वाढलेलं कुत्रं पुढं ट्रकच्या हॉर्नला घाबरून साखळी तोडतं किंवा छत्रीवाला माणूस दिसला की अंगावर धावतं. अमेरिकेतल्या पशुवर्तन-वैद्यांच्या संघटनेने म्हणूनच पहिल्या लशीनंतर आठवडाभराने पिल्लाला, काळजी घेऊन, बाहेरची ओळख करून द्यायला सांगितलं आहे.

काळजी घेऊन म्हणजे जमिनीला पाय न लावता. पिल्लू काखेत किंवा टोपलीत घ्यावं आणि स्टँडच्या कडेला दहा मिनिटं उभं राहावं. बाजाराच्या दिवशी गाडीच्या खिडकीतून बैल, बॅंडबाजा, बुरखा, हेल्मेट, सगळं बघू द्यावं. ज्यांच्या कुत्र्याच्या लशी पूर्ण आहेत अशा ओळखीच्या घरी न्यावं. राजहंसगडावरही नेता येईल, फक्त कडेवर. गाडीची सवयही याच वयात लावलेली बरी. चोर्ल्याच्या वळणांत पिल्लं हमखास उलटी करतात, त्यामुळे निघायच्या दोन-तीन तास आधी खायला घालू नये. आधी गावातल्या गावात छोट्या फेऱ्या माराव्यात.

चार महिने झाले, लशी झाल्या, आठ-दहा दिवस वर गेले. आता पाय जमिनीवर. पण पाय जमिनीवर म्हणजे गडाच्या पायऱ्यांवर नव्हे. पिल्लाच्या हाडांच्या टोकाशी वाढीचा कूर्चेचा मऊ भाग असतो. मध्यम चणीच्या कुत्र्यात तो साधारण वर्षाचा होईपर्यंत आणि मोठ्या जातींत दीड वर्षापर्यंत पक्का होत जातो. नॉर्वेत लॅब्राडोरसह चार मोठ्या जातींच्या सुमारे ५०० कुत्र्यांचा अभ्यास झाला, तो २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या तीन महिन्यांत रोज जिने चढ-उतार करणाऱ्या पिल्लांत खुब्याच्या सांध्याचा आजार जास्त आढळला. मऊ, उंचसखल जमिनीवर मोकळं हुंदडलेल्या पिल्लांत तो कमी आढळला. आपल्याकडे बरोबर उलटं होतं. फ्लॅटमधलं लॅब्राडोर रोज तीन मजले चढतं-उतरतं आणि शेताच्या बांधावर कधीच जात नाही. पहिल्या वर्षी गड नकोतच. माळ, गवत, ओढ्याकाठची वाळू बरी. पिल्लू बसलं की फिरणं संपलं, ओढायचं नाही.

उन्हाचं तर सांगायलाच नको. जांभ्याचा सडा आणि डांबर दहा वाजताच तापतं. तळहाताची मागची बाजू जमिनीला पाच सेकंद टेकवून बघावी. हाताला सोसत नसेल तर पिल्लाच्या पायालाही सोसत नाही. पगसारख्या चपट्या नाकाच्या जातींना तर धाप टाकूनही अंग थंड करता येत नाही. पावसाळ्यात वेगळी भानगड. कुठं बेडूक उडाला की पिल्लू तोंड घालणारच, आणि खरखरीत कातडीच्या भेकाच्या अंगावर विष असतं. तोंडाला फेस आला तर वाहत्या पाण्याने तोंड धुवावं, पाणी घशात जाऊ देऊ नये आणि थेट डॉक्टर गाठावा.

गोचीड मात्र बारमाही. तिच्यातून कुत्र्याला गोचीड ताप येतो, पण आपल्या पट्ट्यात प्रश्न कुत्र्यापुरता नाही. १९५७ मध्ये शिवमोग्गा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात ओळखला गेलेला माकडताप २०१५-१६ च्या सुमारास गोव्याच्या सत्तरीत आणि सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात पोहोचला. तोही गोचिडीतूनच येतो, आणि पाऊस संपल्यापासून उन्हाळ्यापर्यंत, म्हणजे नेमका फिरायच्या दिवसांत, त्याचा धोका जास्त. कुत्र्याच्या केसांत अडकून गोचीड घरात, अंथरुणापर्यंत येऊ शकते. फिरून आल्यावर कानामागं, बोटांच्या बेचक्यांत, शेपटीखाली बोटं फिरवून बघावं. सापडली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी. रॉकेल, पेटती काडी असले प्रकार नकोत. गुरांचं गोचिडीचं औषध अंदाजाने पातळ करून पिल्लाला चोळणं त्याहून वाईट, विषबाधा होते. वयाला आणि वजनाला साजेसं औषध डॉक्टर देतात.

साखळी सोडायची की नाही, यावर प्रत्येक मालकाचं एकच म्हणणं: “आमचं हाक मारली की येतंय.” घरात येतं. माळावर ससा उठला की येत नाही. शेजारच्या बागलकोट जिल्ह्यातला मुधोळ हाऊंड हा तर नजरेने शिकार धरणारा कुत्रा, तो एकदा सुटला की हाक मागंच राहते. संध्याकाळी दाट झाडीजवळ तर मोकळं सोडूच नये. महाराष्ट्रातल्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्याची विष्ठा तपासली, तेव्हा त्याच्या खाण्यात वजनाने सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा, ३९ टक्के, निघाला. सहा महिन्यांचं पिल्लू त्याला किती सोपं पडेल याचा अंदाज करावा.

धोका उलट्या दिशेनेही आहे. डिस्टेंपर आणि रेबीज कुत्र्यातून कोल्ह्यापर्यंत, रानकुत्र्यापर्यंत जाऊ शकतात. २०१८ मध्ये गीरमध्ये सिंह मेले, तेव्हा त्यांच्यात डिस्टेंपरचा विषाणू सापडला होता. भीमगड, म्हादई, राधानगरी अशा अभयारण्यांत पाळीव कुत्रा न्यायचा नसतो, त्यामागं हेही एक कारण आहे. नाक्यावर हुज्जत घालून उपयोग नाही.

नाक्यावर अडवलं की बरेच जण पिल्लाला गाडीत ठेवतात, काच दोन बोटं उघडी ठेवतात आणि धबधबा बघून येतात. बंद गाडी सावलीतही तापते, उन्हात तर दहा-पंधरा मिनिटांत भट्टी होते. दोन बोटांच्या फटीने काही होत नाही. एकाने बाहेर झाडाखाली पिल्लाजवळ थांबावं, बाकीच्यांनी जाऊन यावं, मग पाळी बदलावी.