हुक वर जाण्याआधी

कामठी रोडवर गड्डीगोदामपाशी खाली रस्ता, त्यावर रेल्वेचे रूळ, रुळांवरून उड्डाणपूल आणि सगळ्यात वर मेट्रो अशी चार थरांची वाहतूक चालते. रुळांवरचा पोलादी सांगाडा 80 मीटर लांब आणि सुमारे 1650 टन वजनाचा. नागपूरकर कौतुकाने त्याचे फोटो काढतात. असे बोजे बांधून वर नेणाऱ्या खलाशांची विद्या मात्र कुणाच्या नजरेत भरत नाही. रिगिंगच्या या कामात ताकदीपेक्षा हिशेब मोठा, आणि तो जमिनीवरच संपवावा लागतो.

हिशेब सुरू होतो वजनापासून. अंदाजे सांगितलेले वजन मुळीच धरू नये. पोलाद घनमीटरला 7.85 टन भरते; म्हणजे तीन मीटर लांब, दोन मीटर रुंद, 50 मिलिमीटर जाड प्लेट जवळपास 2.4 टनांची. कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांत असतात तशा मोठ्या ट्रान्सफॉर्मरच्या नेमप्लेटवर एकूण वजन आणि तेलाचे वजन वेगवेगळे दिलेले असते. तेल काढले आहे का, हे विचारल्याशिवाय क्रेन ठरवता येत नाही.

मग कोन. इथे जाणती माणसेही फसतात. 10 टनांचा बोजा दोन स्लिंगांवर, म्हणजे हुकाला टांगायच्या दोर, साखळी किंवा पट्ट्यांवर, घेतला, की प्रत्येकीवर पाच टन येणार असे वाटते. दोन्ही अगदी उभ्या असतील तरच ते खरे. आडव्या रेषेशी 60 अंशांचा कोन झाला की प्रत्येकीवर 5.8 टन येतात, 45 अंशांवर 7.1, आणि 30 अंशांवर पूर्ण 10. बोजा तोच, स्लिंगची जाडी तीच. आखूड स्लिंग घेतल्यामुळे ताण दुप्पट झाला. त्यात चार पायांची स्लिंग लावून निर्धास्त होणारे पुष्कळ. न लवणारा बोजा प्रत्यक्षात दोनच पायांवर तोलला जाऊ शकतो, म्हणून मोजताना दोनच धरावेत.

स्लिंग कशाची, हे कामावर ठरते: भट्टीजवळ साखळी, रोजच्या रांगड्या कामाला वायर रोप, पॉलिश केलेल्या शाफ्टला बेल्ट. बेल्टचा रंग क्षमता सांगतो: जांभळा एक टन, हिरवा दोन, पिवळा तीन. पण फास घालून बोजा आवळला, की ती पाचव्या हिश्शाने घटते. बेल्टचा खरा वैरी म्हणजे धार. चॅनेलच्या कडेवर संरक्षक पट्टी न ठेवता ताण दिला तर तो सुरीने कापल्यासारखा जातो. नागपूरच्या मे महिन्यातल्या उन्हात उघडा पडलेला बेल्टही हळूहळू कमजोर होतो. लेबल गेलेला बेल्ट नुसता बाजूला टाकू नये, कापूनच टाकावा. नाहीतर घाईच्या दिवशी कुणीतरी तो पुन्हा उचलतो.

क्रेन बोलावताना ‘14 टनांची हायड्रा’ एवढेच सांगितले जाते. ते 14 टन बूम जवळ असतानाचे; बोजा क्रेनपासून जितका दूर, तितकी क्षमता कमी. आणि आपल्याकडे पायाखाली काळी माती. पावसात ती फुगते, मऊ होते; मोठ्या क्रेनच्या आउटरिगरखाली, म्हणजे बाजूला पसरणाऱ्या आधाराच्या पायांखाली, जाड प्लेटा किंवा स्लीपर न टाकता काम सुरू करणे म्हणजे क्रेन कलंडण्याची वाट पाहणे.

कारखाने अधिनियम, 1948 च्या कलम 29 ने हे कायद्यात आणले: उचलण्याच्या प्रत्येक साधनाची बारा महिन्यांतून निदान एकदा सक्षम व्यक्तीकडून कसून तपासणी, त्यावर सुरक्षित भाराचा ठळक ठसा, आणि त्याहून जास्त भार कधीच नाही. तरीही नागपूरहून निघणाऱ्या समृद्धी महामार्गाच्या दुसऱ्या टोकाकडे, शहापूर तालुक्यात सरळांबे येथे, 1 ऑगस्ट 2023 च्या पहाटे गर्डर बसवणारे यंत्र कोसळले आणि 20 जण गेले. रात्रपाळीला पोट भरायला आलेली ही माणसे होती. त्यांची आठवण ठेवूनच पुढचा प्रत्येक बोजा बांधला जावा असे मला मनापासून वाटते.

बोजा आधी वीतभर उचलून थांबवावा. तोल, गाठी, शॅकलची पिन, क्रेनचा ब्रेक पाहावा, मगच पुढे जावे. बोजाला दोर बांधून दुरून वळवावे, खाली कुणी उभे राहू नये. क्रेन ऑपरेटरला इशारा एकानेच द्यावा. ‘थांब’ मात्र कुणीही म्हणावे आणि ऑपरेटरने लगेच थांबावे. बुटीबोरी-हिंगण्याच्या शेडमध्ये बालाघाट-छिंदवाड्याहून आलेल्या नव्या पोराला हा हक्क मुकादमाने पहिल्याच दिवशी, त्याच्याच हिंदीत सांगितला पाहिजे.