पथ्याचा शिरस्ता आणि यकृताचा जमाखर्च

रक्तातील कोलेस्टेरॉल वाढल्याचा अहवाल हाती पडला की काही आठवडे पथ्य मोठ्या निष्ठेने पाळावे, पुढील तपासणीत आकडा उतरलेला पाहताच निर्धास्त होऊन जुन्या ताटाकडे वळावे, आणि काही महिन्यांनी तोच आकडा पुन्हा चढला म्हणजे पथ्यालाच निरुपयोगी ठरवावे, हा क्रम आपल्या पुष्कळ घरांच्या परिचयाचा आहे. परंतु यात दोष पथ्याचा नसून, शरीरात कोलेस्टेरॉलचा व्यवहार कसा चालतो याविषयीच्या आपल्या अज्ञानाचा असतो.

पेशींची आवरणे, कित्येक संप्रेरके आणि पचनास लागणारी पित्ताम्ले यांच्या घडणीस कोलेस्टेरॉल अत्यावश्यक असल्यामुळे शरीर त्याच्यासाठी केवळ आहारावर विसंबून न राहता त्याचा बहुतांश स्वतःच निर्माण करते. ते रक्तातून वाहून नेणारे ‘एलडीएल’ नामक कण प्रमाणाबाहेर वाढले, की ते धमन्यांच्या भित्तीत शिरून साठू लागतात. हे कण रक्तातून उचलून घेणारी ग्राहके पेशींवर असतात, हे अमेरिकेतील डॅलस येथील मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांनी दाखवून दिले व त्याबद्दल १९८५ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. तूप, लोणी, खोबरेल यांतील संपृक्त स्निग्धांशाचा अतिरेक झाल्यास यकृतावरील या ग्राहकांचे कार्य मंदावते. उलटपक्षी जव, ओट, इसबगोल यांतील बुळबुळीत तंतू आतड्यातील पित्ताम्लांना धरून मलावाटे बाहेर नेतात, आणि ही तूट भरून काढण्यासाठी यकृताला रक्तातील एलडीएल अधिक प्रमाणात ओढून घ्यावे लागते. हा जमाखर्च रोजचा असल्यामुळे मागील महिन्यातील पथ्याची शिल्लक या महिन्यात उपयोगी पडत नाही.

अशा निरनिराळ्या अन्नांचा परिणाम एकत्र केला तर काय होईल, हे कॅनडातील टोरांटो येथील डेव्हिड जेन्किन्स आणि त्यांचे सहकारी यांनी पाहिले. ओट, जव आणि इसबगोल यांतील तंतू, सोयाबीनची प्रथिने, बदाम आणि वनस्पतिज स्टेरॉल यांनी युक्त असा आहार त्यांनी सिद्ध केला, आणि आपल्या नित्य परिचयाच्या भेंडीला व वांग्यालाही त्यात मानाचे स्थान दिले. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या चार आठवड्यांच्या प्रयोगात या आहाराने एलडीएल सुमारे २९ टक्क्यांनी उतरले, तर स्टॅटिन वर्गातील औषधाने सुमारे ३१ टक्क्यांनी. मात्र या प्रयोगात अन्नाचा पुरवठा संशोधकांनीच केला होता. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या सहा महिन्यांच्या दुसऱ्या पाहणीत तोच आहार केवळ सल्ला देऊन लोकांच्या स्वाधीन करण्यात आला, तेव्हा उतार १३ ते १४ टक्क्यांवर आला. आणि विशेष हे की सल्लागाराची भेट दोनदा झालेल्यांत व सात वेळा झालेल्यांत म्हणण्यासारखी तफावत पडली नाही. ज्यांनी आहार अधिक नेमाने पाळला, त्यांचा उतार मात्र अधिक होता.

या दोन पाहण्या शेजारी ठेवल्या असता असे वाटते, की पथ्य टिकण्यास उपदेशापेक्षा पुरवठ्याचा बंदोबस्त अधिक उपकारक ठरत असावा. घरात चौघांसाठी वनस्पती तुपाची फोडणी आणि एकासाठी वेगळे पातेले, ही तजवीज रांधणारीला आणि जेवणाऱ्याला लवकरच नकोशी होते. त्यापेक्षा महिन्याच्या वाणसामानाच्या यादीतूनच वनस्पती तूप वगळावे, शेंगदाण्याचे किंवा करडईचे तेल मोजून आणावे, उसळींचे वार ठरवावेत आणि कमी तेलातली भेंडी सर्वांच्याच ताटात वाढावी, म्हणजे एकट्यावर पडणारा निग्रहाचा भार हलका होतो.

आहाराच्या सामर्थ्याला मर्यादाही आहेत. काही कुटुंबांत ग्राहकांतील आनुवंशिक दोषामुळे कोलेस्टेरॉल लहानपणापासूनच फार वाढलेले असते व तेथे औषधास पर्याय नाही. आणि चालू असलेले औषध केवळ आकडा उतरला म्हणून स्वतःच्या मर्जीने बंद करणे तर कोणालाच हितावह नव्हे. परंतु औषध घेणाऱ्यालाही आहाराची जोड उपयोगीच पडते. म्हणून वैद्यकीय सल्ला घेऊन परतल्यावर ‘काय खाऊ नये’ याची उजळणी करीत बसण्यापेक्षा, घरात कोणते जिन्नस येतील याचा निर्णय सर्वांनी मिळून आधीच करणे अधिक श्रेयस्कर होय.