आधी पंचांग, मग नकाशा

शक्तिपीठ महामार्गाच्या बातम्या आता सगळ्यांना तोंडपाठ झाल्या आहेत. पवनार ते पत्रादेवी, मूळ आराखड्यात ८०२ किलोमीटर, १२ जिल्हे, जून २०२५मध्ये मंत्रिमंडळाची मंजुरी, आणि मोजणीला आलेल्यांना बांधावरूनच परत पाठवणारे शेतकरी. माहूर, तुळजापूर, कोल्हापूर एका दोऱ्यात ओवणाऱ्या या रस्त्याची एक गोष्ट मात्र दोन्ही बाजूंच्या भाषणांतून निसटते. देवीला पायी निघालेल्या माणसाला त्यावर पाऊल ठेवता येणार नाही. अशा द्रुतगती मार्गांचा शिरस्ताच तो. समृद्धीवरही पादचाऱ्याला मज्जाव आहे. नाव देवीचं, आणि देवीचा सगळ्यात जुना भक्त कुंपणाबाहेर!

हा भक्तही आता बदलतो आहे. पूर्वी गल्लीच्या गल्ली उठायची, भावकी निघायची. आता नांदेड-लातुरातला बँकेतला माणूस, निवृत्त बाई, पुण्याहून दिवाळीला गावी आलेली पोरगी विचारते, 'एकटीनं चालायचंय, कुठली वाट धरू?' जगन्नाथ कुंटे यांचं 'नर्मदे हर हर' वाचून झालेलं असतं, मोबाइलवर नर्मदा परिक्रमेचे व्हिडिओ पाहिलेले असतात, आणि पहिल्याच खेपेला अडीच हजार किलोमीटरांच्या वरचे बेत सुरू होतात. नर्मदामाई कुठं जात नाही. आधी पाऊणशे किलोमीटर चालून बघा.

हे पाऊणशे म्हणजे लातूर ते तुळजापूर, आणि तेही कोजागरीलाच. एरवी तो राष्ट्रीय महामार्ग ३६१ आहे. मालट्रक, उसाच्या ट्रॉल्या, खासगी बस, आणि कडेनं एकटं चालणाऱ्याकडे 'गाडी बंद पडली काय?' अशा नजरेनं बघणारे ढाबेवाले. दसरा झाला की चित्र पालटतं. सीमोल्लंघनानंतर तुळजाभवानीची मूर्ती पलंगावर विसावते. ही देवीची श्रमनिद्रा. अश्विन पौर्णिमेला ती पुन्हा सिंहासनावर येते. या मधल्या दिवसांत लातूर, सोलापूर आणि पार कर्नाटकातून माणसं पायी निघतात. पौर्णिमा तोंडावर आली की सोलापूर-तुळजापूर रस्त्यावरची वाहनं दुसरीकडे वळवावी लागतात. वाट तीच, डांबर तेच, पण वर्षातले हे चार दिवसच ती पायी चालणाऱ्याची असते. म्हणून नवख्यानं आधी पंचांग उघडावं, नकाशा नंतर.

एकट्याला गर्दीची वाट सुचवणं उलटं वाटेल. पण पहिल्यांदा एकटं चालणाऱ्याला खरी भीती वाघाची नसते, रात्री पाठ कुठं टेकायची याची असते. कोजागरीला तो प्रश्न गावं सोडवतात. मांडव पडलेले असतात. चहा, साबुदाण्याची खिचडी, टेबलावर मलमपट्टी, गोळ्या. कुठं एखादा म्हातारा न विचारता तुमचा पाय स्वतःच्या मांडीवर ओढून तेल चोळायला घेतो. बाईमाणसाला एक बरं, परडी घेतलेल्या आराधी बायांच्या मागं चाललं की कुणी हटकत नाही, आणि रात्री त्यांच्याच सतरंजीच्या कोपऱ्यावर जागा होते. बोलायचं नसेल तर दिवसभर तोंड मिटून चाला, तुमचं एकटेपण कुणी हिसकावत नाही.

पहिला मुक्काम औसा, दुसरा उजनी, तिसऱ्या दिवशी काक्रंब्यावरून तुळजापूर. उजनीची बासुंदी प्रसिद्ध आहे, ती मुक्कामाला खावी. चालता चालता खाल्ली तर पुढचा पल्ला पोट ठरवतं. पहाटे चारला निघावं, दहा-अकराला सावली गाठावी. ऑक्टोबरचं ऊन मे महिन्यापेक्षा लबाड असतं. चालायचं ते उजव्या कडेनं, म्हणजे समोरून येणारं वाहन दिसतं. चांदणं असलं तरी पाठीवर चमकणारी पट्टी हवी, ट्रकवाल्याला चांदण्याचा उपयोग नाही. नव्याकोऱ्या बुटांत निघू नये. अनवाणी चालायचा नवस असेल तर लक्षात ठेवा, दिवस सोयाबीनच्या सुगीचे आहेत. कडेला वाळत घातलेल्या काडाची धसकटं डांबरावर पसरलेली असतात, आणि ती नवस बघून टोचत नाहीत.

आता थोडं दूरचं. स्पेनमधली सांतियागोची फ्रेंच वाट आहे सुमारे ७८० किलोमीटर, शक्तिपीठाच्या जवळपास तेवढीच. तिथं बाराही महिने माणूस एकटा चालू शकतो. याचं बरंचसं श्रेय एलियास वालिन्या या खेड्यातल्या धर्मगुरूला जातं. ओ सेब्रेरो नावाच्या डोंगरातल्या गावात हा माणूस राहायचा. या वाटेवरच त्यानं डॉक्टरेट केली होती, पण प्रबंधानं वाट सापडत नाही हे त्याला कळलं असावं. १९८४च्या सुमारास तो रस्त्यावर पट्टे मारायचा पिवळा रंग घेऊन निघाला आणि झाडांवर, दगडांवर, भिंतींवर बाण काढत सुटला. १९८७मध्ये युरोप परिषदेनं ती वाट पहिला सांस्कृतिक मार्ग म्हणून जाहीर केली. १९८९मध्ये वालिन्या गेला. बाण अजून आहेत. आपल्याकडे शक्तिपीठाच्या नुसत्या आखणी-भूसंपादनाला २० हजार कोटींच्या वर तरतूद आहे. त्यातल्या सुट्ट्या पैशांत नांदेडकडच्या लोह्यापासून तुळजापूरपर्यंत जुन्या गाडीवाटांनी भगवे बाण काढून होतील, दर पंधरा किलोमीटरवर एक नळ आणि एक पडवीही होईल. पण पडवीचं उद्घाटन करायला मंत्री कशाला येतील?

बाकीच्या वाटांचं थोडक्यात. आषाढीला दिंडीत शिरायचं तर ओळख लागते, जेवणाची भिशी भरावी लागते आणि विणेकऱ्याच्या तालावर चालावं लागतं. एकट्याच्या हौसेला ते मानवेलच असं नाही. त्यापेक्षा माघवारी बरी. औशाच्या नाथ संस्थानाची दिंडी तेव्हा पंढरपूरला जाते, हवा थंड असते आणि पावसाची कटकट नसते. कार्तिक पौर्णिमेला कपिलधारची, मन्मथस्वामींच्या समाधीची वाट. अहमदपूरहून तिकडे पदयात्रा नेणारे शिवलिंग शिवाचार्य महाराज एमबीबीएस होते आणि शंभरी ओलांडून २०२०मध्ये गेले. चालण्याबद्दल डॉक्टरचं मत हवं असणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

नांदेडकर यावर नाराज होतील, कारण त्यांना जवळचं ते माहूर. रेणुकामाता आहे, दत्तशिखर आहे, सगळं खरं. पण किनवटच्या बाजूनं जंगल लागतं, गावं विरळ होतात, आणि तुळजापूरच्या वाटेसारखा मांडवाला मांडव लागून नसतो. पहिल्यांदा एकट्यानं ती वाट धरू नये. राखी पौर्णिमेला माहूरला परिक्रमा असते, तेव्हा गड भरलेला असतो. नांदेडहून एसटीनं जावं आणि चालायचं ते तिथं.