भिंतीतले भोक

भिंत बांधताना आपण चोराचा विचार करतो, आगीचा करीत नाही. वस्तुतः चांगली भिंत आगीला तास-दोन तास एका खोलीत कोंडून ठेवते आणि तेवढ्या अवधीत माणसे बाहेर पडतात. परंतु तिच्यातून विजेची केबल नेण्यासाठी भोक पाडले आणि ते उघडे ठेवले, की हा हिशेब बिघडतो. धूर तर आगीच्याही पुढे धावतो.

भोक कशाने बुजवावे? नुसते सिमेंट पुरे, असे वाटते. पण आगीत केबलीवरचे प्लास्टिकचे वेष्टण जळते आणि तेथे फट पडते. म्हणून एक-दोन केबली असतील तेथे उष्णतेने फुगणारा लेप भरावा. तो फुगून ती फट मिटवतो. मोठ्या भोकात खनिज लोकरीचे जाड तक्ते बसवून त्यांवर आगरोधक लेप द्यावा. जेथे वरचेवर नवी केबल ओढायची, तेथे आगरोधक पिशव्या रचाव्यात. त्या काढून पुन्हा बसविता येतात. भिंत दोन तासांची असेल, तर बूचही दोन तासांच्या कसोटीला उतरलेले हवे.

अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या ब्राउन्स फेरी अणुवीजकेंद्रात २२ मार्च १९७५ रोजी काय घडले ते पाहा. केबलींच्या भोकात पॉलियुरेथेनचा फोम भरला होता. हवा झिरपते का, हे पाहण्यासाठी कामगाराने तेथे मेणबत्ती धरली. हवेच्या ओढीने ज्योत आत खेचली गेली, फोम पेटला आणि आग भिंतीपलीकडे गेली. ती सुमारे सात तास धुमसली. सोळाशेंहून अधिक केबलींना झळ पोचली. सुदैवाने कोणी दगावले नाही.

मेणबत्तीवाल्याकडे बोट दाखविणे सोपे आहे. पण मेणबत्तीने तपासण्याची तेथे रीतच होती आणि पेटणारा फोम त्याने निवडला नव्हता. आमच्याकडे तरी काय होते? केबल ओढणारा भोक पाडून जातो. ते बुजविण्याचा खर्च कंत्राटात कोणीच धरलेला नसतो. म्हणून आम्ही संघटनेची माणसे मागतो ते एवढेच: भोक कोणी बुजवायचे, कशाने आणि कोणी तपासायचे, हे कामाच्या कागदावर आधी लिहा; कामगाराला योग्य माल व पुरता वेळ द्या. आणि आपण उद्या कचेरीत वा इस्पितळात जाल, तेव्हा केबली भिंतीत शिरतात तेथे एकदा नजर टाका. उजेड दिसला, तर विचारल्याशिवाय राहू नका.