अडुळशाच्या काढ्यातली पिंपळी

‘टीबीच्या गोळ्या सुरू आहेत. सोबत अडुळसा-पिंपळीचा काढा घेतला तर चालेल का?’ असा प्रश्न एका वाचकाने विचारला आहे. उत्तर आधीच देऊन टाकतो: डॉक्टरांना सांगितल्याशिवाय अजिबात नको. पण ‘पाल्याने काय होणार’ म्हणून हा प्रश्न झटकून टाकणाऱ्यांशीही माझं पटत नाही. क्षयाच्या औषधशास्त्रातली एक अस्सल भारतीय कल्पना नेमक्या याच जोडीतून निघाली आहे.

अडुळशाचं बरंचसं उलगडलेलं आहे. त्याच्या पानांतल्या व्हॅसिसिनवरून रसायनतज्ज्ञांनी ब्रोमहेक्सिन बेतलं, त्यातून पुढे ॲम्ब्रॉक्सॉल आलं. कफ सुटण्याच्या औषधांच्या बाटल्यांवर ही नावं आजही वाचायला मिळतात. दोन्ही औषधं क्षयजंतूंची वाढ रोखतात असं 1996 मध्ये दिसलं, पण ते प्रयोगशाळेतल्या काचपात्रात. माणसाच्या फुप्फुसात तसंच होतं, हे त्यावरून ठरत नाही. जाहिरातदार मात्र तिथूनच पुढे उडी मारतात.

खरी गंमत पिंपळीची. अडुळशाच्या पानांत पिंपळी घातली की दम्यावर जास्त गुण येतो, अशी नोंद बोस नावाच्या अभ्यासकाने 1929 च्या सुमारास कलकत्त्यात केली होती. ती जवळपास पन्नास वर्षं तशीच पडून राहिली. जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेचे डॉ. सी. के. अटल यांनी तिच्यावर बोट ठेवलं. आयुर्वेदाच्या इतक्या वेगवेगळ्या पाठांत सुंठ, मिरी आणि पिंपळी, म्हणजे त्रिकटू, का येतं? त्यांचा तर्क असा की त्रिकटू प्रत्येक वेळी रोगाशी लढायला नसतंच, ते सोबतच्या औषधाला रक्तापर्यंत पोहोचवायला असतं. 1979 मध्ये त्यांनी ही कल्पना मांडली. हळदीच्या कॅप्सूलमध्ये मिरीचा अर्क घालून विकणारे आज ढिगाने आहेत, अटल यांचं नाव घेणारा मात्र क्वचित भेटतो.

यामागचा रेणू म्हणजे पिपरिन, मिरी-पिंपळीचा तिखटपणा. तो 1819 मध्ये वेगळा काढला हान्स क्रिस्टियन ओर्स्टेड यांनी. होय, तेच! तारेतून वीज वाहिली की शेजारची चुंबकसूची हलते, हे पुढच्याच वर्षी दाखवणारे. मिरीचा हा पराक्रम पाठ्यपुस्तकांनी का गाळला, कोण जाणे.

पिपरिन करतं काय? आतड्याच्या अस्तरात पी-ग्लायकोप्रोटीन नावाचं प्रथिन सोसायटीच्या वॉचमनसारखं उभं असतं. अनोळखी रेणू आत शिरला की त्याला आल्या पावली परत पाठवायचं, हे त्याचं काम. पिपरिन त्या वॉचमनला गप्पांत गुंतवतं. शिवाय आतडं आणि यकृत यांतलं औषधं मोडणारं एक महत्त्वाचं एन्झाइमही मंदावतं. मग रोजच्यापेक्षा जास्त औषध रक्तात उतरू शकतं.

जम्मूच्या संशोधनावर कॅडिला फार्मास्युटिकल्सने गोळी काढली. तिच्यात नेहमीच्या 450 मिलिग्रॅमऐवजी 200 मिलिग्रॅम रिफॅम्पिसिन, 300 मिलिग्रॅम आयसोनियाझिड आणि 10 मिलिग्रॅम पिपरिन. क्षयरुग्णांवर तिच्या चाचण्याही झाल्या. पण ‘आयुर्वेदाने टीबी बरा केला’ असा मथळा कुणी दिला तर तो खोटा. जंतू मारतात ती रिफॅम्पिसिन आणि आयसोनियाझिडच. शिवाय इथे शुद्ध केलेलं, मोजून घातलेलं पिपरिन आहे, चिमूटभर चूर्ण नव्हे. सशांना अख्खं त्रिकटू दिलं तेव्हा रक्तातल्या आयसोनियाझिडची पातळी उलट घसरली होती. म्हणजे एका औषधाला हात देणारा मसाला दुसऱ्याचा पाय ओढू शकतो, आणि टीबीच्या एकत्रित गोळीत दोन्ही औषधं असतात. त्यात रिफॅम्पिसिन रिकाम्या पोटी घ्यायचं असतं, आणि बहुतेक घरांत काढ्याचीही वेळ तीच.

यकृताची चिंता वेगळीच. आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन, पायराझिनामाइड या तिन्हींचा ताण यकृतावर पडतो. कोविडच्या काळात घरोघरी गुळवेल उकळली जात होती. 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या 6 रुग्णांच्या यकृताला झालेल्या इजेची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने तिच्यावर आक्षेप घेतला. वनस्पतीच भलती वापरली गेली असेल, असं त्यांचं म्हणणं. मला तर हा आक्षेपच जास्त काळजीचा वाटतो. वेल ओळखण्यात अशी चूक होऊ शकत असेल, तर घरच्या पातेल्यात काय शिजतंय ते कोण सांगणार? टीबीच्या रुग्णाला कावीळ झाली की डॉक्टर गोळ्या थांबवतात आणि मग एकेक करून पुन्हा सुरू करतात. काढा लपवला तर निष्पाप गोळीवर आळ येतो आणि सहा महिन्यांचा कोर्स लांबतो.

दरम्यान मात्रेचा प्रश्नच उलटा झाला आहे. वजनाच्या दर किलोला 10 मिलिग्रॅम हे रिफॅम्पिसिनचं प्रमाण 1970 च्या दशकात रूढ झालं, त्यात औषधाच्या किमतीचाही हात होता. अलीकडच्या चाचण्यांत संशोधक किलोमागे 35 मिलिग्रॅमपर्यंत गेले आहेत, उपचाराचा काळ कमी व्हावा म्हणून. अटल यांच्या वेळी महागडं औषध वाचवायचं होतं. आता ते स्वस्त आहे आणि रक्तातली पातळी वाढवायची आहे. म्हणून 250 मिलिग्रॅमच्या बचतीचं मला फारसं अप्रूप नाही. पूर्ण मात्रेसोबत पिपरिन दिलं तर थुंकी किती लवकर निगेटिव्ह होते आणि यकृत ते किती सोसतं, या चाचणीवर मी पैसे लावीन.