फेरारी सापडते, सिएरा सापडत नाही

इटलीच्या फेरारी कंपनीने १९६२ ते १९६४ या काळात ‘२५० जीटीओ’ नावाच्या अवघ्या ३६ गाड्या बांधल्या. साठ वर्षं उलटली तरी त्यातल्या जवळजवळ सगळ्या शाबूत आहेत आणि कोणती गाडी कुणाकडे आहे, हे जाणकारांना तोंडपाठ असतं. एवढ्या मोलाची वस्तू हरवत नाही, ती कुलपात जाते. ब्रिटनमध्ये जुन्या वेगवान गाड्या रस्त्यावर हेरण्याचा नाद असलेली मंडळी मात्र फेरारीपेक्षा फोर्ड आणि व्हॉक्सहॉलवर जास्त डोळा ठेवून असतात. कारण चारचौघांच्या गाडीची जी तिखट आवृत्ती निघाली, ती लोकांनी खरोखर वापरली. पावसात, बर्फात, ऑफिसला जाता-येता. ती गंजली, ठोकली गेली, चोरीला गेली आणि एक दिवस भंगारात गेली.

फोर्डची सिएरा घ्या. ऐंशीच्या दशकातल्या इंग्लंडमध्ये ही फिरतीवरच्या विक्रेत्यांची आणि मध्यमवर्गीय कुटुंबांची गाडी. तिच्यात कोणाला काही खास वाटण्याचं कारण नव्हतं. पण फोर्डला टूरिंग कारच्या शर्यती जिंकायच्या होत्या आणि ‘ग्रुप ए’ या वर्गाचा नियम असा, की शर्यतीत उतरवायच्या मॉडेलच्या किमान ५,००० गाड्या आधी बांधल्या गेल्या पाहिजेत. म्हणून १९८६ मध्ये ‘सिएरा आरएस कॉसवर्थ’ बाजारात आली. दोन लिटरचं टर्बो इंजिन, २०४ अश्वशक्ती, आणि मागच्या काचेखाली एवढा मोठा पंख, की लोक त्याला व्हेलची शेपटी म्हणू लागले. पुढच्या वर्षी त्याच नियमातल्या सुधारित आवृत्तीच्या तरतुदीचा फायदा घेऊन फक्त ५०० ‘आरएस ५००’ निघाल्या. बहुतेक काळ्या. पांढऱ्या आणि निळ्या थोड्याच.

खऱ्या हेरणाऱ्याची परीक्षा इथेच असते. साधी कॉसवर्थ आणि आरएस ५०० समोरासमोर उभ्या केल्या तर सामान्य माणसाला दोन्ही सारख्याच दिसतात. पण आरएस ५०० ला मागच्या मोठ्या पंखाखाली आणखी एक छोटा पंख असतो. पुढच्या बंपरमध्ये जिथे धुक्याचे दिवे असायला हवेत तिथे जाळी दिसते, ब्रेकना वारा मिळावा म्हणून. बॉनेट उघडलंच, तर इंजिनाला पेट्रोल पुरवणारे चार नव्हे, आठ इंजेक्टर मोजता येतात. त्यातले चार रस्त्यावर चालवताना बंदच असतात. ते शर्यतीच्या संघांसाठी बसवलेले. गिऱ्हाईकाने पैसे मोजायचे आणि निम्मे इंजेक्टर नुसते मिरवायचे, असा हा सौदा! शर्यतीत मात्र त्याचं चीज झालं. ऑस्ट्रेलियातली बाथर्स्टची १,००० किलोमीटरची शर्यत या गाडीने १९८८ आणि १९८९ अशी लागोपाठ दोनदा मारली.

रस्त्यावर तिचे हाल झाले. कुलूप तकलादू, वेग अफाट आणि बाहेरून दिसायला घराघरातली सिएरा. चोरांना याहून सोयीचं काय हवं? विमा कंपन्यांनी हप्ते इतके वाढवले की अनेकांना गाडी ठेवणंच परवडेना. नंतरच्या काळात काहींनी इंजिन काढून दुसऱ्या गाड्यांत बसवलं, काहींनी सुटे भाग विकले. नवी असताना वीस हजार पौंडांच्या आत मिळणाऱ्या आरएस ५०० पैकी एक, फारशी न चाललेली, २०२३ मध्ये लिलावात जवळपास सहा लाख पौंडांना गेली. आता रस्त्यावर एखादी अचानक समोर आली, तर शौकिनाचा पाय ब्रेकवर जातो, यात नवल नाही.

ब्रिटनमध्ये हा छंद रुजण्याचं एक कारण तिथल्या नंबर प्लेटमध्ये आहे. १९६३ पासून प्लेटच्या शेवटी वर्षाचं अक्षर येऊ लागलं. ऑगस्ट १९८३ पासून ते सुरुवातीला गेलं आणि २००१ पर्यंत तसंच राहिलं. ‘डी’ने सुरू होणारी प्लेट म्हणजे ऑगस्ट १९८६ ते जुलै १९८७, ‘ई’ म्हणजे त्याच्या पुढचं वर्ष. गाडी नजरेआड होण्यापूर्वी एक अक्षर वाचलं तरी तिचा जन्म कळतो. हौशी लोक खास नंबर विकत घेतात हे खरं, पण कायद्याने प्लेट गाडीला आहे त्याहून जुनी दाखवू शकते, नवी नाही. आणि प्लेटवर ‘क्यू’ दिसलं तर सावध. गाडीचं वय किंवा मूळ नक्की सांगता येत नाही, असा त्याचा अर्थ. काळ्या पाटीवर चंदेरी किंवा पांढरी अक्षरं दिसली, तर गाडी १९८० पूर्वीची समजायची.

अशा काळ्या पाटीवर सर्वांत शोभून दिसते ती जग्वार ‘ई-टाइप’. मार्च १९६१ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात ती आली, तेव्हा बघायला एवढी झुंबड उडाली की कंपनीने दुसरी गाडी तातडीने मागवली. नॉर्मन ड्युइस हे कंपनीचे चाचणी चालक कॉव्हेंट्रीहून रातोरात ती घेऊन जिनिव्हाला पोहोचले. तिचा नंबर ‘७७ आरडब्ल्यू’ आजही शौकिनांना पाठ आहे. ई-टाइप दुर्मीळ म्हणता येत नाही, १९७४ पर्यंत ७० हजारांहून जास्त बनल्या. पण त्यातही पायऱ्या आहेत. पुढच्या दिव्यांवर काच असेल तर ती पहिल्या मालिकेतली. दिवे उघडे असतील तर बहुधा १९६८ नंतरची. आणि बॉनेटच्या दोन्ही बाजूंना बाहेरून किल्ली लावायची छोटी कुलपं दिसली, तर पाहणाऱ्याने जरा थांबावं. ती पहिल्या सुमारे ५०० गाड्यांपुरतीच होती.

जग्वारची मालकी २००८ पासून टाटांकडे, म्हणजे मुंबईकडे आहे. त्यांच्याच काळात एक मजेशीर प्रकार घडला. १९६३ मध्ये जग्वारने शर्यतीसाठी हलक्या वजनाच्या १८ ई-टाइप बांधायचं ठरवलं होतं, प्रत्यक्षात १२ च झाल्या. उरलेले सहा चासी क्रमांक कागदावरच राहिले. २०१४ मध्ये कंपनीने ते क्रमांक काढून त्या सहा गाड्या जुन्या पद्धतीने नव्याने बांधायला घेतल्या. त्यांना अस्सल म्हणायचं की नक्कल, यावर चहाचे कितीतरी कप रिकामे होऊ शकतात. कारखाना तोच, क्रमांकही तेव्हाचाच, मध्ये फक्त पन्नास वर्षं गेली!

नकलेचा प्रश्न या छंदाला कायमचा चिकटलेला आहे. साठच्या दशकातली ‘एसी कोब्रा’ जगभरात हजारभरच बनली. तरी उन्हाळ्यातल्या इंग्लंडमध्ये कोब्रा बऱ्याच दिसतात, कारण त्यातल्या बहुतेक फायबरग्लासच्या प्रतिकृती असतात. ॲस्टन मार्टिनच्या ‘डीबी ५’ची गोष्ट वेगळी. १९६४ च्या ‘गोल्डफिंगर’ या बाँडपटाने तिला अजरामर केलं, पण लोक तिच्या धाकट्या बहिणीलाच, ‘डीबी ६’ला, बोटं दाखवत असतात. डीबी ६ चा बंपर मधोमध तुटलेला असतो आणि डिकीचा काठ वर उचललेला. एवढं लक्षात ठेवलं तरी शेजारच्याची चूक सुधारता येते, आणि त्यात एक वेगळीच मजा असते.

आता खऱ्या दुर्मीळ गाडीकडे. १९९० ते १९९२ या काळात इंग्लंडच्या नॉरफोकमधल्या लोटसच्या कारखान्यात व्हॉक्सहॉल आणि ओपेलच्या एका चार दारी कौटुंबिक गाडीवर काम चाललं होतं. इंजिन ३.६ लिटरपर्यंत वाढवलं, दोन टर्बो लावले, अमेरिकन कॉर्व्हेटमध्ये वापरलेला सहा गिअरचा बॉक्स बसवला. ‘लोटस कार्लटन’ तयार झाली. ३७७ अश्वशक्ती आणि ताशी सुमारे २८३ किलोमीटर वेग. ब्रिटनमध्ये मोटरवेवर मर्यादा आहे ताशी ११२ किलोमीटर! वर्तमानपत्रांनी ओरड केली, गाडीवर बंदी घाला म्हणाले. १९९३ मध्ये मिडलँड्स भागात ‘४० आरए’ या नंबरची एक कार्लटन चोरीला गेली. चोरांनी तिच्या जोरावर दुकानं फोडून दारू-सिगारेटी लांबवल्या आणि पोलिसांच्या गाड्यांना ती गाठता येईना, तेव्हा त्या ओरडीला आयतंच खाद्य मिळालं.

ओपेलच्या आणि व्हॉक्सहॉलच्या मिळून ९५० बनल्या. त्यातल्या व्हॉक्सहॉलच्या, म्हणजे कार्लटन नावाच्या, फक्त ३२०. रंग एकच, इतका गर्द हिरवा की सावलीत तो काळा भासतो. कोणी न सांगितल्यास ही गाडी शेजारून निघून जाते आणि कळतही नाही. चाकांच्या कमानी फुगीर आहेत का आणि पुढच्या मडगार्डवर लोटसचं चिन्ह आहे का, एवढंच पाहायचं असतं.

गाड्या दिसतात कधी? हिवाळ्यात नाही. ब्रिटनमध्ये बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात आणि मीठ जुन्या पत्र्याचा शत्रू. त्यामुळे मालक गाडी शेडमध्ये झाकून ठेवतात, ती रस्त्यावर नाही असं सरकारला कळवून कर वाचवतात, आणि वसंतातल्या पहिल्या कोरड्या रविवारी बाहेर काढतात. सकाळी लवकर, रहदारी नसताना. वेस्ट ससेक्समधल्या गुडवुडच्या शर्यतमार्गाकडे जाणारे रस्ते अशा वेळी सोन्याची खाण ठरतात. सप्टेंबरमध्ये तिथे जुन्या गाड्यांचा ‘रिव्हायव्हल’ महोत्सव भरतो तेव्हा १९६६ पूर्वीच्या गाड्यांना वेगळी जागा राखलेली असते. ती पाहण्यात काहींचा अख्खा दिवस जातो, आत शर्यत चालू असल्याचं त्यांच्या ध्यानातही येत नाही. नाकाचाही उपयोग होतो. १९९३ नंतरच्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला. त्याआधीची गाडी पुढून गेली की कच्च्या पेट्रोलचा वास हवेत थोडा वेळ रेंगाळतो.

गाडी निघून गेली तरी काम संपत नाही. नंबर लक्षात असेल, तर ब्रिटनच्या सरकारी संकेतस्थळावर गाडीचा रंग, नोंदणीचं वर्ष, इंजिनाचा आकार, तपासणीचा इतिहास हे सगळं कुणालाही पाहता येतं. दर वर्षीच्या तपासणीत नोंदलेले मैल पाहून ती खरंच चालते की नुसती सजवून ठेवली आहे, तेही समजतं. कॉसवर्थच्या बाबतीत मात्र ही युक्ती अर्धीच चालते. तिचं इंजिन फोर्डच्या साध्या ‘पिंटो’ इंजिनाच्या ब्लॉकवर बांधलेलं आहे. त्यामुळे दोन लिटरची साधी पिंटो सिएरा असो की कॉसवर्थ, सरकारी नोंदीत आकडा एकच, १,९९३ सीसी. मग मालकालाच गाठून बॉनेट उघडायची विनंती करावी लागते. तो सहसा नाही म्हणत नाही, उलट त्यानंतर त्याला आवरणं हेच खरं अवघड काम असतं.