कौल, चिठ्ठी आणि विवेक

परदेशातली नोकरी पत्करावी की नाही, लग्न कोणाशी करावे, संसार मांडावा की संन्यस्त जीवन स्वीकारावे, अशा प्रश्नांपुढे उभा राहिलेला ख्रिस्ती माणूस ‘यात देवाची इच्छा काय आहे’ असे विचारतो, तेव्हा त्याला उत्तर कोणत्या रूपात हवे असते, हा प्रश्न ख्रिस्ती परंपरेत पहिल्या शतकापासून चर्चिला गेला आहे. नव्या करारातील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात यहूदाच्या रिकाम्या जागी नवा प्रेषित नेमताना शिष्यांनी प्रार्थना करून चिठ्ठ्या टाकल्या आणि मत्थियाची निवड झाली. जुन्या करारातील गिदोनाने तर खळ्यावर लोकर पसरून तिच्यावर दव पडते की भोवतालच्या जमिनीवर, यावरून देवाची खात्री करून घेतली. देवाला कौल लावणारी कोकणातली गावे ज्याने पाहिली आहेत त्याला ही रीत परकी वाटणार नाही, आणि डोळे मिटून बायबल उघडावे व जिथे बोट पडेल ते वचन आपल्याला ‘मिळाले’ असे मानावे, ही सवय आजही काही भाविकांत आढळते. तिच्यामागची श्रद्धा खरी असते; अडचण एवढीच की बोट कुठे पडावे याविषयी माणसाच्या मनात आधीच काही ठरलेले असते, आणि ते त्याला स्वतःला ठाऊक नसते.

या अडचणीवर ख्रिस्ती परंपरेने शोधलेल्या उपायांपैकी सर्वांत पद्धतशीर उपाय मावळात अनेक वर्षे शिकवला जात आहे. भोर घाटातून 1863 साली रेल्वे वर चढली आणि लोणावळा हे इंजिनांचे, कार्यशाळेचे व रेल्वे कामगारांचे गाव झाले. त्या वस्तीबरोबर प्रोटेस्टंट आणि कॅथलिक अशी दोन्ही प्रार्थनामंदिरे आली. पुढे घाटमाथ्याची थंड हवा आणि मुंबई-पुण्याची सोय पाहून जेझुइटांनी, म्हणजे येशूसंघ या कॅथलिक संन्यासी संघाच्या सदस्यांनी, खंडाळ्यात सेंट मेरीज व्हिला आणि लोणावळ्यात स्टॅनिस्लॉस व्हिला या वास्तू राखल्या. फादर, सिस्टर आणि प्रापंचिक माणसे ‘रिट्रीट’ला जातात ती अशा ठिकाणी, रिट्रीट म्हणजे काही दिवस मौन पाळून, एका मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली केलेली एकांतसाधना. साधारणपणे ती आठ दिवसांची असते, पूर्ण स्वरूपात तीस दिवसांची.

या साधनेचा आराखडा इग्नेशियस लोयोला या स्पॅनिश सरदारपुत्राचा आहे. 1521 साली पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने त्याचा पाय मोडला, अंथरुणावर त्याने संतचरित्रे वाचली आणि बरा झाल्यावर तो यात्रेला निघाला. वाटेत भेटलेल्या एका मुसलमान प्रवाशाशी मरियेच्या कौमार्यावरून त्याचा वाद झाला. तो प्रवासी पुढे निघून गेल्यावर त्याला गाठून खंजीर खुपसावा की सोडून द्यावे, हे ठरेना, तेव्हा इग्नेशियसने खेचराचा लगाम सैल सोडला आणि फाट्यावर ते जिकडे वळेल तो देवाचा निर्णय मानायचे ठरवले. खेचर दुसऱ्या वाटेने गेले व एक खून टळला. हा प्रसंग त्याने उतारवयात स्वतःच सांगितला आहे, आणि ज्याने पुढे निर्णयप्रक्रियेचे इतके काटेकोर शास्त्र रचले त्यानेच आपले सर्वांत ढिसाळ उदाहरण नोंदवून ठेवावे, यात थोडा मिस्कीलपणाही असावा.

1548 साली पोपची मान्यता मिळालेल्या त्याच्या ‘आध्यात्मिक साधना’ या लहानशा पुस्तकात निवडीच्या तीन वेळा सांगितल्या आहेत. पहिलीत संशयाला जागाच उरत नाही. ती क्वचित येते. दुसरीत मनाच्या दोन अवस्थांचे दीर्घकाळ निरीक्षण करायचे असते: देवाकडे ओढ लागून श्रद्धा, आशा व प्रेम वाढते ते ‘सांत्वन’, आणि अंतःकरण कोरडे, अस्वस्थ व आळसावलेले होते ती ‘विषण्णता’. विषण्णतेच्या काळात आधी घेतलेला निर्णय बदलू नये, हा इग्नेशियसचा नियम रिट्रीटबाहेरही कोणाला उपयोगी पडावा असा आहे. तिसरी वेळ शांत मनाची, जिथे देव बुद्धीतूनच वाट दाखवतो असे गृहीत धरले आहे. समजा, तळेगावच्या कारखान्यात काम करणाऱ्या एखाद्या तरुणाला दुबईत नोकरी मिळते आहे आणि घरी आई आजारी आहे. त्याने कागदाचे दोन नव्हे, चार रकाने करायचे: गेल्याचे लाभ, गेल्याचे तोटे, राहिल्याचे लाभ, राहिल्याचे तोटे. राहण्याचे तोटे म्हणजेच जाण्याचे लाभ, असे प्रथम वाटते. पण लिहायला बसल्यावर चौथ्या रकान्यात ‘मित्रांपुढे कमीपणा’ असे काहीतरी उतरते, जे इतर तिन्हींत कुठेच नसते. नंतर त्याने कल्पना करायची की कधीही न भेटलेला एक माणूस हाच प्रश्न घेऊन आला आहे, त्याला काय सल्ला द्यावा. आणि मृत्यूच्या क्षणी मागे वळून पाहताना आज काय ठरवलेले बरे वाटेल.

या सगळ्याच्या आधीची अट अधिक कठीण आहे. इग्नेशियस तिला जे नाव देतो त्याला मराठीत गीतेमुळे परिचित झालेला ‘अनासक्ती’ हा शब्द चपखल बसतो: तराजूचा काटा जसा मध्यावर स्थिर असतो तसे मन दोन्ही पर्यायांपुढे मोकळे हवे. देवाची इच्छा कळत नाही अशी तक्रार करणाऱ्याला बहुधा ती कळून घ्यायचीच नसते, एवढे कठोर निदान या पद्धतीत दडलेले आहे. कौल माणसाला निर्णयाच्या ओझ्यातून सोडवतो. ही साधना ते ओझे त्याच्याच खांद्यावर ठेवते आणि खांदा कुठे वाकडा आहे तेवढे दाखवते. निर्णय झाल्यावर तो पुन्हा प्रार्थनेत देवापुढे ठेवायचा असतो.

जेझुइट धर्मगुरू अँथनी डिमेलो (1931–1987) यांनी पुण्यात सुरू केलेली ‘साधना’ ही समुपदेशन-संस्था सत्तरच्या दशकाच्या अखेरीस लोणावळ्यात आली आणि या अनासक्तीच्या प्रशिक्षणाला मानसशास्त्राची व भारतीय ध्यानपद्धतींची जोड मिळाली. ज्या गावात 1924 पासून कैवल्यधाम ही संस्था योगाचा अभ्यास करत होती, तिथेच कॅथलिक फादर आणि सिस्टर श्वासाकडे व शरीराच्या संवेदनांकडे लक्ष द्यायला शिकू लागले. डिमेलोंच्या मृत्यूनंतर अकरा वर्षांनी, 1998 मध्ये, व्हॅटिकनने त्यांच्या काही मतांविषयी सावधगिरीची सूचना काढली. आक्षेप देवाच्या व ख्रिस्ताच्या स्वरूपाविषयीच्या विधानांवर होता. तो विषय वेगळा, आणि लांबचा आहे.

प्रोटेस्टंट मराठी ख्रिस्ती समाजात इतकी रेखीव पद्धत नाही. तिथे उपास-प्रार्थना, वचनाचे वाचन आणि मंडळीतील वडीलधाऱ्यांचा सल्ला यांवर भर असतो. पण निर्णयाच्या दोन तऱ्हा एकाच घरात पाहायच्या तर टिळकांचे उदाहरण पुरेसे आहे. कवी नारायण वामन टिळकांना आगगाडीत भेटलेल्या एका अनोळखी युरोपीय प्रवाशाने नवा करार दिला आणि ते ख्रिस्ती होतील असे भाकीत केले. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि त्या निर्णयाची किंमत पत्नी लक्ष्मीबाईंनी काही वर्षांच्या ताटातुटीने मोजली. पुढे त्या पतीकडे परतल्या, तरी धर्मांतराची घाई त्यांनी केली नाही. ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात त्यांनी नोंदवलेला आपला बदल साक्षात्काराचा नाही. जातिभेद देवाने केला की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःशीच धसास लावला, तो माणसाचा ठरला, आणि त्यापुढे कोणाच्याही हातचे अन्नपाणी घ्यायचे त्यांनी ठरवले. बाप्तिस्मा त्यानंतरचा.